आभासी दुनियेतली तक्रार खिडकी : पाचपैकी दोन तारे

आधीच सांगते, मी खेळाडू नाही. बावीस वर्षं फौजदारी वकिली करते आणि तो व्हीआर चष्मा डोळ्यांवर चढवला की दहा मिनिटांत मला मळमळायला लागतं. त्यामुळे या आभासी दुनियेतली दृश्यं कशी आहेत, हात किती सफाईने हलतात, हे मला विचारू नका. माझा चौदा वर्षांचा भाचा तिला पाचपैकी सहा तारे देईल. मी तपासली ती एकच सेवा : इथे कुणी तुम्हाला धमकावलं, लुबाडलं, तर दाद कुठे मागायची आणि ती लागते का.

झालं असं. भाच्याकडे एक निळा कंदील होता. सात महिने खेळून मिळवलेला. असे कंदील मोजकेच आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे. तिथेच ओळख झालेल्या दोघांनी त्याला एका बंद खोलीत बोलावलं. एक दाराशी उभा राहिला, दुसऱ्याने कानाशी येऊन सांगितलं, कंदील दे, नाहीतर तुझी शाळा कुठली ते सगळ्यांना सांगतो आणि तुझे फोटो टाकतो. आवाज मोठ्या माणसाचा होता. पोराने कंदील दिला, चष्मा काढून गादीवर फेकला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. "मावशी, याची केस होते का गं?"

आता, कंदील खरा की खोटा यावर वाटेल तेवढा वाद घाला. धमकी मात्र शंभर टक्के खरी होती. ती खऱ्या माणसाने दिली, खऱ्या मुलाच्या कानात दिली, आणि घाबरवून काही काढून घेण्याला आमच्याकडे खंडणी म्हणतात.

तक्रारीचं बटण मनगटावर आहे. मनगट डोळ्यांसमोर वळवलं की यादी उघडते. त्यात नऊ प्रकार : शिवीगाळ, द्वेष, अश्लीलता, फसव्या जाहिराती वगैरे. चोरी नाही. खंडणी तर नाहीच. शेवटी "त्रासदायक वर्तन" या खणात कोंबलं. लिहायला जागा दोनशे अक्षरांची. मी फिर्याद लिहायला बसले तर एवढ्यात तारीख, वेळ आणि ठिकाणसुद्धा पुरं होत नाही.

खरी गोम पुढे आहे. बटण दाबलं की त्याआधीच्या काही मिनिटांचं चित्रण आपोआप तक्रारीला जोडलं जातं. वाटतं, वा, पंचनामा आयताच झाला! पण हे चित्रण चष्म्यातल्या चष्म्यात फिरत असतं, नवं आलं की जुनं पुसलं जातं. घाबरलेला मुलगा काय करतो? आधी चष्मा काढतो. ज्याला अंगावर आलेल्या माणसासमोर शांतपणे मनगट वळवून नऊ खणांतला एक निवडता येतो, त्याच्यासाठी ही सोय आहे. आम्ही तिसऱ्या दिवशी बटण दाबलं तेव्हा पुरावा म्हणून जोडलं गेलं ते माझंच चित्रण : प्रवेशद्वारापाशी भिंतीला धडका देणारी एक जांभळी बाई.

एकोणीस तासांनी उत्तर आलं. आढावा घेतला, नियमभंग आढळला नाही. बरोबरच आहे, भिंतीला धडकणं हा काही गुन्हा नव्हे.

मग मी ईमेलवर सविस्तर लिहिलं. तारीख, वेळ, खोलीचं नाव, दोघांची टोपणनावं, धमकीचे शब्द. आठवड्याने उत्तर : योग्य ती कारवाई केली आहे, गोपनीयतेमुळे तपशील देता येत नाही. कोणावर कारवाई? कोणत्या नियमाखाली? खातं बंद केलं की नुसती तंबी दिली? काही कळायला मार्ग नाही. आरोपीलाही बहुधा एवढंच कळलं असणार. तपास यांचा, निकाल यांचा, शिक्षा यांची, आणि निकालाची नक्कल कुणालाच नाही. युरोपीय संघात २०२४च्या फेब्रुवारीपासून डिजिटल सेवांचा कायदा सगळ्या ऑनलाइन मंचांना लागू झाला. तिथे ज्याच्यावर कारवाई होते त्याला कारणं कळवावी लागतात, आणि तक्रारदारालाही निर्णयाविरुद्ध मंचाकडे फेरतक्रार करता येते. ती निव्वळ यंत्रावर सोडून चालत नाही. ही सोय माझ्या पडद्यावर मला तरी कुठे सापडली नाही.

पुढची ईमेल कंदिलाबद्दल. तो तोपर्यंत तिथल्याच बाजारात विक्रीला लागला होता. क्रमांक तोच. बावीस वर्षांत इतक्या सहज मुद्देमाल सापडलेला मी पाहिला नव्हता. उत्तर आलं : खातेदाराने वस्तू स्वतः हस्तांतरित केली आहे, हस्तांतर अंतिम असतं.

मग मी अटी वाचल्या. सगळ्या. एका कलमात म्हटलंय की वस्तू तुमच्या मालकीच्या नाहीत, कंपनीने दिलेला तो फक्त वापराचा परवाना आहे, कधीही काढून घेता येईल. दहा कलमं पुढे म्हटलंय की तुम्ही एकमेकांना जे द्याल ते कायमचं दिलं. म्हणजे माझ्या भाच्याकडे असताना कंदील त्याचा नव्हता, दुसऱ्याने धमकावून घेतल्यावर मात्र तो त्याचा झाला. वादासाठी लवाद, तोही कंपनी म्हणेल त्या शहरात. या असल्या कलमाला एक जुनी ठेच लागलेली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका वकिलाने 'सेकंड लाइफ' या आभासी दुनियेत घेतलेली जमीन कंपनीने खात्यासकट गोठवली. तो कोर्टात गेला, आणि २००७ मध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीशांनी लवादाचं कलम एकतर्फी आणि अन्याय्य ठरवून बाजूला सारलं. पुढे तडजोड झाली, त्यामुळे जमिनीचा मालक कोण, हा प्रश्न तसाच राहिला. वकिलांचं हे असंच.

मालकीच्या प्रश्नावर सगळे जण नेदरलँड्सचा दाखला देतात. तिथे २००७ मध्ये दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, चाकू दाखवून 'रुनस्केप' खेळातला मुखवटा आणि ताईत द्यायला लावला. ३१ जानेवारी २०१२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही चोरीच ठरवली. मुलाने वेळ आणि कष्ट घालून त्या वस्तू मिळवल्या होत्या, त्या त्याच्या ताब्यात होत्या आणि तो ताबा गेला, एवढं पुरे. वस्तू हाताला लागत नाही ही सबब त्याच न्यायालयाने १९२१ मध्येच निकालात काढली होती; तेव्हा हेगच्या एका दंतवैद्याने मीटर अडकवून वीज चोरली होती. निकाल मला आवडतो. पण तो ज्याच्या त्याच्या तोंडावर फेकणाऱ्यांनी चाकूकडेही बघावं. चाकू खरा होता, मार खरा होता. कंदिलाच्या प्रकरणात कुणी कुणाच्या अंगाला बोटही लावलेलं नाही.

अंगाला बोट लावण्यावरून आठवलं. इथे प्रत्येकाभोवती एक अदृश्य कडं असतं, समोरचा हातभर अंतरावर आला की थबकतो. ते आपोआप चालू असतं, आणि उत्तम चालतं. मी मुद्दाम भाच्याला अंगावर धावून यायला सांगितलं. पहिला तारा या कड्याला. १९९३ साली, 'लॅम्डामू' या निव्वळ अक्षरांच्या दुनियेत एका खेळाडूने इतरांच्या पात्रांवर लैंगिक अत्याचार लिहून दाखवले, तेव्हा लोकांनी दिवसचे दिवस चर्चा केली आणि अखेर एका व्यवस्थापकाने स्वतःच्या अखत्यारीत ते पात्र पुसून टाकलं. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधून बातमी आली की सोळा वर्षांखालच्या एका मुलीच्या अवतारावर, म्हणजे आभासी दुनियेतल्या तिच्या रूपावर, अनेक पुरुष अवतारांनी केलेल्या हल्ल्याचा पोलीस तपास करताहेत. मधल्या तीस वर्षांत अक्षरांची जागा आवाजाने आणि शरीराने घेतली, पण बलात्काराच्या कायद्याला लागतो प्रत्यक्ष देह. तिथे शिक्षेआधी ही अडचण सोडवावी लागते. एका कड्याने ती प्रकरणं कोर्टापर्यंत येण्याआधीच थांबत असतील तर मी कड्याच्या बाजूने आहे. कान मात्र त्या कड्याच्या आत येतात. धमकी तिथूनच आली.

दुसरा तारा खात्याच्या नोंदींना. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी "माझी माहिती उतरवून घ्या" असं आहे. मी मागणी केली आणि अकरा दिवसांनी जी फाइल आली ती बघून मला भरून आलं. कोण कोणत्या खोलीत कितव्या सेकंदाला आलं, कंदील कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला, सगळं जागतिक प्रमाणवेळेत. दोघे आधी आले, भाचा मग आला, चार मिनिटांनी कंदील गेला, सहा सेकंदांनी भाचा बाहेर. या सहा सेकंदांवर मी अर्धा तास युक्तिवाद करू शकते. आवाज मात्र त्यात नाही. तो कंपनी तीस दिवस ठेवते आणि फक्त तपास यंत्रणेला देते. म्हणून कुणावर अशी वेळ आली तर बटणाच्या नादी लागू नका. आधी लेखी कळवा की अमुक तारखेचा, अमुक खोलीचा आवाज जपून ठेवा, आणि पोचपावती घ्या. मी हे सव्विसाव्या दिवशी केलं. पोचपावती आली.

ती फाइल घेऊन आम्ही पोलिसांकडे गेलो. अधिकारी तरुण होता, मुलाशी नीट बोलला, धमकीचा शब्द न् शब्द लिहून घेतला. मग गेलेल्या मालाच्या रकान्याशी थांबला. मी १९२१ची वीज सांगितली, २०१२चा ताईत सांगितला. त्याने ऐकून घेतलं, हसला, आणि रकाना कोरा सोडला. कंपनीकडे त्याने आवाज मागितला आहे. अजून आलेला नाही.

भाचा परत खेळायला लागलाय. हल्ली खोलीत शिरताना मनगट आधीच वर धरून शिरतो.

कंदील परवा पुन्हा बाजारात दिसला. क्रमांक तोच, विकणारा तिसराच, आणि भाव दुपटीवर गेलाय.