दहावीनंतर आयटीआय की डिप्लोमा?

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न घरोघरी निघतो आणि बहुतेक वेळा 'टक्के बरे आहेत ना, मग डिप्लोमाच' असा निकालात निघतो. टक्क्यांपेक्षा दोन गोष्टी आधी बघा: घरात कमाई किती लवकर यायला हवी, आणि मुलाचा किंवा मुलीचा जीव कशात रमतो.

कारखान्यांना कुशल कारागीर मिळावेत म्हणून सरकारने 1950 मध्ये आयटीआयची योजना आणली. वेल्डरचा ट्रेड, म्हणजे त्या कामाचा अभ्यासक्रम, एका वर्षाचा. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. फिटरच्या पोराच्या हातात सुरुवातीलाच कानस येते. लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, घासायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की पुन्हा घासायचा. हे ज्याला कंटाळवाणं वाटत नाही, त्याने आयटीआयकडे कमीपणाने बघू नये.

इंजिनीअरिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, सहा सेमिस्टरचा. पहिल्याच वर्षी गणिताशी गाठ पडते आणि तिथेच अनेकांचे विषय राहतात. सार्वजनिक बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता व्हायचं असेल, तर मात्र स्थापत्यचा डिप्लोमा हवाच. उलट महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा आयटीआय उपयोगी पडतो.

आयटीआय घेणाऱ्यांनी ॲप्रेंटिसशिप सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा त्यासाठीच आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 2019 च्या नियमांनी आयटीआयवाल्यांचं किमान विद्यावेतन 7,000 रुपये आणि डिप्लोमावाल्यांचं 8,000 रुपये ठरवलं. पैसे थोडे आहेत, पण चालू उत्पादनाच्या मशीनवर काम करायला मिळतं, आणि नोकरी देणारा आधी तेच विचारतो.

आयटीआय केलं म्हणून पुढचं शिक्षण बंद होत नाही. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. फक्त गणिताची तयारी आधीपासून ठेवावी लागते.

फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडचं वर्कशॉप डोळ्यांनी बघून या. लेथ चालू आहेत की झाकून ठेवलेत ते बघा, आणि मागच्या बॅचची मुलं कोणकोणत्या कंपनीत लागली ते तिथल्या निदेशकांना विचारा.