कोजागिरीला वाचायला कथा कोणती घ्यावी, जुनी की नवी?

सोसायटीच्या कार्यक्रमात कथा वाचायची आहे न, मग पहिले हे बघा की समोर कोण बसणार. लहान पोरं जास्त असली तर दुसरा विचारच नको, सरळ लोककथा घ्या. 'चिऊताई चिऊताई दार उघड' दुसऱ्यांदा आलं की पोरं आपोआप सुरात सूर मिसळतात.

मोठी मंडळी असली तर माझं पहिलं मत दृष्टांताला, म्हणजे काहीतरी समजावून सांगायला दिलेल्या छोट्याशा गोष्टीला. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी 13व्या शतकात गोळा केले, 114 आहेत, आणि तरी आपल्या विदर्भात लोकं ते मोठ्यानं वाचत नाहीत याचं खरंच वाईट वाटतं. आंधळे हत्ती चाचपतात, पाय धरणारा म्हणतो खांब, कान धरणारा म्हणतो सूप, संपलं, दोन मिनिटांत अख्खी गोष्ट झाली. पुढे दार्ष्टांतिक येतं म्हणजे त्याचा अर्थ, तो वाचू नका, ऐकणाऱ्यांना लावू द्या. भाषा मात्र आजची करून घ्या.

नवकथा म्हणजे 1945 नंतरची, गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची. यात घटनेपेक्षा मनात काय चाललंय ते जास्त, म्हणून एकट्यानं वाचायला फार सुंदर, पण ऐकताना एक वाक्य निसटलं की मागे जाता येत नाही आणि तिकडे मसाला दुधाचे ग्लास फिरत असतात. माडगूळकर त्यातल्या त्यात चालतात, कारण त्यांची माणसं बोलतात.

दलित साहित्यातल्या बाबुराव बागुलांची कथा घ्यायची तर अर्धा तास नीट शांतता मिळणार असेल तरच घ्या, ती घाईत उरकणं बरोबर नाही. अलक म्हणजे अति लघु कथा, चारपाच ओळींची असते, व्हॉट्सअ‍ॅपवर छान वाटते, माइकवर शेवटचा धक्का कळायच्या आत टाळ्या पडतात. गाण्यांच्या मधे एखादी वाचायला ठीक.

आणि वऱ्हाडी बोलता येत असेल तर उद्धव शेळके घ्याच, पण नाटकी हेल काढून नका वाचू, घरात बोलतो तसं वाचा. ते जमत नसेल तर वामन चोरघडे, आपल्या नरखेडचे, प्रमाण भाषेतले. मी असते तर सुरुवातीला एक दृष्टांत आणि मग चोरघडे, एवढंच ठेवलं असतं. घरी एकदा मोबाइलवर वेळ लावून मोठ्यानं वाचून बघा, वीस मिनिटांच्या वर गेलं तर दुसरी कथा निवडा, त्याच कथेला कात्री लावू नका.