लाँगबोर्डवर कापड बसवायचं की रंगीत रेझिन?

सर्फिंगसाठी नऊ फुटी लाँगबोर्ड बनवून घ्यायचा ठरला की मापं देऊन झाल्यावर पुढचा प्रश्न येतो रूपाचा. वाटा साधारण तीन. फोमच्या ब्लँकवर, म्हणजे बोर्डच्या गाभ्यावर, कापड अंथरून त्यावर फायबरग्लास (थोडक्यात ग्लास) चढवायचं, तो ग्लास ज्यात भिजवतात त्या रेझिनमध्येच, म्हणजे सुकून घट्ट होणाऱ्या राळेत, रंग कालवायचा, किंवा राइस पेपरवर छापलेलं चित्र ग्लासखाली लावायचं. तिसरी वाट नाव किंवा छोट्या चिन्हापुरती ठीक आहे. खरी निवड पहिल्या दोन्हींतच करायची असते.

रंगीत रेझिनचं वजन जवळपास जाणवत नाही, मजुरी तुलनेने कमी लागते आणि पुढे डिंग, म्हणजे आपटून खड्डा किंवा चीर, पडला तर रंग बराचसा जुळवता येतो. कापड मात्र रेझिन पितं, त्यामुळे बोर्ड थोडा जड होतो. शॉर्टबोर्डसाठी मी कापड सुचवणार नाही. लाँगबोर्डचं तसं नाही. संथ, मऊ लाटेवर घसरत राहायला थोडं वजन उपयोगीच पडतं, आणि आपल्याकडे मुंबईजवळच्या राजोडी किनाऱ्याच्या बाजूला लाटा बहुतेक वेळा तशाच मिळतात.

शिवाय मुंबईत राहणाऱ्याच्या हाताशी मंगलदास मार्केट आणि हिंदमाता हे कापडबाजार आहेत. बाहेरचा माणूस कॅटलॉगमधून कापड निवडतो, आपण ते बोटांत धरून बघू शकतो. ही संधी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

फक्त निवड डोळसपणे करा. पातळ, घट्ट विणीचं सुती कापड सगळ्यात चांगलं. मलमलवरचं ब्लॉक प्रिंट रेझिनने भिजलं की पांढरी जमीन पारदर्शक होऊन दिसेनाशी होते आणि नुसती बुट्टी फोमवर छापल्यासारखी उरते. असं रूप कालवलेल्या रंगाने येत नाही. त्याच कारणाने फिका रंग विरतो आणि गडद रंग आणखी गडद होतो. पैठणीचा मोह टाळा. रेशीम पारदर्शक होतं आणि जरीच्या उंचवट्याभोवती हवेचे बुडबुडे अडकतात. घरातली वापरून मऊ झालेली सुती साडी मात्र उत्तम, कारण तिची खळ धुऊन गेलेली असते. नव्या कापडाची खळ गरम पाण्यात काढावीच लागते, नाहीतर रेझिन आत मुरत नाही. बोर्डची रुंदी साधारण २२-२३ इंच असते, म्हणजे ४४ इंची पन्ह्यात जोड न देता काम होतं. तीन मीटर घ्या. त्याआधी पाव मीटर आणून फोमच्या तुकड्यावर रेझिनसह लावून बघायला सांगा. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन काही रंग सोडवतं, आणि लाल रंग पसरला तर तो पसरलेलाच राहतो.

आता कापड कुठे बसवायचं? बहुतेक जण डेक, म्हणजे उभं राहायची वरची बाजू, म्हणतात. पण पाय घसरू नये म्हणून लाँगबोर्डच्या डेकवर नाकापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, मेण लागतं, आणि पहिल्या आठवड्यातच नक्षी त्याखाली झाकली जाते. माझं मत विचाराल तर कापड तळाला घ्या आणि डेक साधा ठेवा. कापडाची कड रेलजवळ, म्हणजे बोर्डच्या बाजूच्या काठाजवळ, बारीक पिनलाइनने (रंगीत रेघेने) झाकून घ्या, काम नेटकं दिसतं.

ब्लँकही जपून निवडा. पीयू (पॉलियुरेथेन) फोमवर पॉलिएस्टर रेझिन चालतं. ईपीएसवर, म्हणजे थर्माकोलसारख्या फोमवर, ते चालत नाही, फोम विरघळतो, त्यामुळे तिथे इपॉक्सीच वापरावं लागतं. गडद निळं किंवा काळं कापड उन्हात तापतं आणि ईपीएसमधली हवा फुगून ग्लास सुटू शकतो. इंडिगो घ्यायचं असेल तर पीयूच घ्या. उन्हात घट्ट होणारं रेझिन जाड कापडाखाली नीट सुकत नाही, त्यामुळे कारागीर हार्डनर वापरतो का हेही विचारा. पावसाळी दमट हवेत सुती कापड ओलावा धरतं आणि इपॉक्सीवर चिकट थर येऊ शकतो. ऑर्डर कोरड्या महिन्यांत द्या.

बजेट बेताचं असेल, किंवा बोर्ड खडकाळ किनाऱ्यावर वापरायचा असेल, तर रंगीत रेझिन घ्या आणि वाचलेल्या पैशांत डेकवर ग्लासचा एक थर वाढवा. बोर्ड बरीच वर्षं स्वतःकडेच ठेवायचा असेल तर कापडच घ्या, आणि उरलेला तुकडा फेकू नका. डिंग पडला की ठिगळाला नेमकं तेच कापड लागेल, आणि दोन वर्षांनी दुकानात तो छाप मिळेलच असं नाही.