आयपी पीबीएक्स (इंटरनेटवर चालणारं दुकानाचं टेलिफोन एक्स्चेंज) बसवलाय? आधी आयएसडी (परदेशी कॉल) बंद करा

दिवाळीत दुकान बंद होतं आणि आमच्या लाईनवरून सोमालिया, लाटविया, क्युबाला २,९०० मिनिटं कॉल गेले. बिल २,९४,२५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ५२,९६५, एकूण ३,४७,२१५. एरवी आमचं बिल महिन्याला सहा हजाराच्या वर जात नाही.

नाशिकला आमचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं होलसेल आहे. जुना ईपीएबीएक्स, म्हणजे साधं एक्स्चेंज, पावसाळ्यात गेला म्हणून ओळखीतल्याच डीलरकडून ६८,५०० ला आयपी पीबीएक्स घेतला, एसआयपी ट्रंकवर (फोन कंपनीची इंटरनेटवरची लाईन) दहा चॅनल, म्हणजे एका वेळी दहा कॉल. फिरतीवरच्या पोरांना मोबाईलवर एक्स्टेन्शन पाहिजे होतं, तर त्याने राउटरवर ५०६० पोर्ट, म्हणजे इंटरनेट कॉलचं दार, सताड उघडा ठेवला आणि एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्ड १०१, १०२ चा १०२! हे मला बिल आल्यावर कळलं. मी पार्ट विकणारा माणूस, मला यातलं काय कळणार, त्याचेच तर पैसे दिले होते त्याला.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दिवाळीच्या आठवडाभर आधीपासून फोन वाजायचे, डिस्प्लेवर नंबर नुसता १००, कधी १००१, उचलला की पलीकडे कोणी नाही. दिवसाला पंधरा-वीस वेळा. काउंटरवरचा पोरगा दोनदा केबिनमध्ये आला, "भाऊ, हे काय येतंय एकदा बघा ना." डीलरला विचारलं तर म्हणे नेटवर्कचा इश्यू आहे, दिवाळीनंतर बघतो. आणि मी गप्प बसलो, गिऱ्हाईकांची गर्दी होती. हॅकरच होते ते, बाहेरून सिस्टीम चाचपत होते. त्या दिवशी राउटरची वायर उपटली असती तरी वाचलो असतो. तुमच्याकडे असे १०० नंबरचे मुके कॉल येत असतील तर आजच्या आज पोर्ट बंद करा, डीलरची वाट बघू नका.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री दीडला पहिला कॉल, दहाच्या दहा चॅनल एकदम, सगळे एक्स्टेन्शन १०४ वरून. १०४ चा फोन गोडाऊनमध्ये आणि गोडाऊनची किल्ली माझ्या खिशात.

फोन कंपनी म्हणते कॉल तुमच्या लाईनवरून गेलेत, भरा नाहीतर लाईन कट. अरे, महिन्याला सहा हजारवाल्याचे एका रात्रीत लाख होतात तेव्हा तुमची सिस्टीम झोपते का? क्रेडिट लिमिट लेखी ठरवून घ्या, तोंडी नको. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लावला तर कुठल्या खात्यातून पैसे गेले, यूटीआर नंबर (बँकेच्या व्यवहाराचा नंबर) सांगा. खात्यातून गेलेच नाहीत हो, बिल आलंय! पोलीस स्टेशनला म्हणाले सायबरला जा, सायबरवाले म्हणाले हा तुमचा आणि कंपनीचा वाद, चार चकरांनंतर नुसता अर्ज घेतला, एफआयआर नाहीच. ट्राय, म्हणजे फोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, तर एकट्यादुकट्याची तक्रार घेतच नाही. डीलर म्हणतो पासवर्ड बदलायचं तुमचं काम होतं, आणि मी पक्कं बिल घेतलेलं नाही, ग्राहक आयोगात काय दाखवू? पक्कं बिल घ्याच, ओळखीचा असला तरी.

अकरा वर्षांपासून तोच नंबर सगळ्या शेतकऱ्यांकडे आहे, म्हणून तीन हप्त्यांत भरायला तयार झालो. पहिला १,१५,७३८ चा गेला. कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अर्ज टाकलाय, कोणाचं असं बिल तिथे कमी झालं असेल तर कागद काय काय जोडले ते कृपया सांगा.