ऑक्सफर्डचा विद्यार्थी-कोश आणि उबेचे शब्द

डिसेंबरात मुलीकडे लीड्सला होतो, तेव्हा शेजारच्या आजींनी हीटरजवळची खुर्ची माझ्यापुढे सरकवली आणि मी ‘टोस्टी’ आहे ना, असे विचारले. ‘वॉर्म’ आणि ‘हॉट’ एवढ्याच दोन शब्दांवर आजवर काम भागवलेले असल्यामुळे त्यांच्या स्वरातली आपुलकी कळली, शब्द मात्र कळला नाही. परत आल्यावर ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ची २०२० सालची दहावी आवृत्ती घेतली. हा अभिप्राय तिच्यातील उबेच्या बोलभाषेतील शब्दांपुरताच आहे.

ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला हा कोश १९४२ साली तिथेच छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. परभाषक विद्यार्थी समोर ठेवून रचल्यामुळे यातील अर्थ सुमारे ३००० परिचित शब्दांच्या आधारे सांगितलेले असतात, आणि त्या साधेपणाचा सर्वाधिक लाभ अशाच शब्दांना होतो. ‘टोस्टी’त ऊब आणि सुख दोन्ही आहेत, ‘मगी’त ऊब असली तरी दमटपणाचा त्रास आहे, हा भेद एका ओळीत स्पष्ट होतो. ‘उबदार’ असा एकच प्रतिशब्द देऊन मोकळ्या होणाऱ्या कोशात तो हरवतो.

‘बॉइलिंग’, ‘बेकिंग’, ‘रोस्टिंग’ हे स्वयंपाकघरातून हवेकडे गेलेले शब्द मला विशेष आवडले, कारण आपले ‘उकडणे’ आणि ‘भाजून निघणे’ त्याच वाटेने गेले आहेत. फरक आहे तो वाक्यरचनेत. आपण ‘मला उकडतंय’ म्हणतो, म्हणजे उकाडा बाहेरचा आणि आपण तो सोसणारे. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच ‘बॉइलिंग’ असतो. त्याच ओघात कोणी ‘आय ॲम हॉट’ म्हणाले, तर ते स्वतःच्या देखणेपणाविषयी बोलत आहेत असाही अर्थ निघू शकतो. कोशात तो अर्थ अनौपचारिक अशा खुणेसह नोंदवलेला आहे, आणि शिकणाऱ्यासाठी ही खूण अर्थाइतकीच मोलाची आहे.

शब्दांमागचे तापमान मात्र कोश सांगत नाही. लंडन परिसरात पारा सलग तीन दिवस २८ अंशांवर गेला की उष्णतेची लाट मानली जाते. आपल्याकडे मैदानी भागात ती मोजायला सुरुवातच ४० अंशांपासून होते. त्यामुळे तिथल्या माणसाचे ‘रोस्टिंग’ नागपूरच्या वाचकाने किती अंशांचे समजावे, हे उदाहरणवाक्यांतून उमगत नाही.

शोधण्याची एक अडचणही आहे. ‘नाइस अँड वॉर्म’ हा घरोघरी ऐकू येणारा प्रयोग ‘वॉर्म’पाशी शोधून उपयोग नाही, तो ‘नाइस’खाली पाहावा लागतो. ‘स्नग’ हा शब्द मुळात खलाशांचा, वादळवाऱ्यासाठी नीट आवरून घेतलेल्या जहाजाचा, हे कळले की पांघरुणात गुरफटलेल्या मुलालाही तोच शब्द का लावतात ते सहज पटते.

‘कोझी’ पाहताना पुढची नामाची नोंद चुकवू नये. किटलीवर घालायच्या ज्या आच्छादनाला आपल्या घरांत आजही ‘टीकोझी’ म्हणतात, ते तिथे आहे.