शर्ट रेडिमेड घ्यावा, आल्टर करावा की शिवून घ्यावा?

ट्रायल रूममध्ये आपण सगळेच थोडी लबाडी करतो. पोट आत ओढून, हात खाली सोडून आरशासमोर ताठ उभे राहतो आणि स्वतःलाच सांगतो, "बसतोय की!" घरी आल्यावर वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर जातो आणि शर्ट अर्धा पँटबाहेर येतो. हल्ली मी आत गेलो की आधी दोन्ही हात वर करतो, मग छातीशी घडी घालतो आणि शेवटी स्टुलावर बसून बघतो. निम्मे शर्ट इथेच बाद होतात.

माझी अंगकाठी किरकोळ आणि हात लांब. छाती 38 इंच, खांद्याच्या टोकापासून मनगटापर्यंत बाही 26. एकदा खिशात टेप घेऊन दुकानात गेलो आणि एकाच कंपनीचे तीन शर्ट मोजले. एमची बाही साडेचोवीस, एलची पंचवीस, एक्सएलची साडेपंचवीस. दोन मापं वर चढलो तेव्हा बाही जेमतेम इंचभर वाढली, पण छातीचा घेर आठ इंचांनी फुगला. बाहीच्या मागे लागून अंगावर तंबू आला, आणि मनगट तरीही उघडंच.

यात कंपनीची चूक म्हणावी असं काही नाही. मधल्या एका मापाचा नमुना पक्का करतात आणि ठरलेल्या पायऱ्यांनी तो मोठा-लहान करतात. छाती इतकी वाढली तर गळा, खांदा, पोट, बाही इतकी वाढणार, असं त्यात धरलेलं असतं. तुमच्या शरीराने ते धरलं नसेल, तर दरवेळी एकाच ठिकाणी अडकतं. कुणाचं खांद्यावर, कुणाचं पोटावर, कुणाचं छातीवरच्या दोन बटणांमध्ये. आपलं अडकणारं माप कुठलं हे कळल्याशिवाय कुठला पर्याय स्वस्त, हा प्रश्नच चुकीचा आहे.

ते शोधायला अंग मोजत बसू नका. घरातला त्यातल्या त्यात बरा बसणारा शर्ट बटणं लावून सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. मग मागून खांद्याच्या एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंत, बाही आणि उंची. चार आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा. एम, एल ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात, इंच बदलत नाहीत.

नुसता रेडिमेड

छाती, खांदा आणि बाही तिन्ही एकाच मापात जुळत असतील, तर पुढचं वाचण्याची गरजच नाही. रेडिमेडइतकं सोपं आणि स्वस्त दुसरं काही नाही. फरक फक्त पोटाशी असेल तर 'स्लिम' आणि 'रेग्युलर' या पाट्यांवर काम भागतं. ढोबळ मानाने स्लिम शर्ट छातीपेक्षा चारेक इंच सैल असतो, रेग्युलर सहा ते आठ इंच. पोट सुटलेल्यांनी स्लिमच्या हट्टापायी बटणांवर ताण आणू नये; रेग्युलर घ्यावा आणि खांदा तेवढा बघावा. ज्या लेबलवर गळा आणि बाही असे दोन वेगळे आकडे असतात, ते माझ्यासारख्या लांब हातांच्या लोकांसाठी वरदान आहेत, पण दरवेळी मिळतीलच असं नाही. कापडात दोन-तीन टक्के लवचीक धागा असला तर अर्ध्या इंचाची चूक खपून जाते, चार इंचांची नाही.

रेडिमेड घेऊन आल्टर करणं

कमी पैशांत सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, आणि सगळ्यात जास्त शर्ट वाया जातात तेही इथेच.

शर्ट लहान करता येतो, मोठा करता येत नाही. बहुतेक शर्टांची बाजूची शिलाई उलटून बघा. कडा आत दुमडून वरून टिपा मारलेल्या असतात आणि आत माया, म्हणजे शिलाईत सोडलेलं जास्तीचं कापड, नावालाही नसते. त्यामुळे "घेऊन टाकू, शिंपी सैल करून देईल" हा विचार सोडून द्या. गळा घट्ट असेल तर बटण जरासं सरकवता येतं, तेवढंच. बाही लांब करायची म्हटली तर कफाच्या आत कापडच नसतं.

सहज होणाऱ्या गोष्टी तीन. बाजूने आत घेणं, पाठीत दोन लांब डार्ट, म्हणजे आतून शिवलेल्या निमुळत्या चिमट्या, टाकणं, आणि खालचा घेर कापून उंची कमी करणं. बाही आखूड करता येते, पण कफ सोडवून वर चढवावा लागतो. इंच-दीड इंचाच्या पुढे गेलात तर कफाच्या वरची चीर इतकी छोटी उरते की बाही दुमडताना कळतं. शिंप्याला एवढं जरूर सांगा: बाजूची शिलाई आणि बाहीच्या आतली शिलाई एकाच रेषेत काखेतून जाते, तेव्हा दोन्ही एकदम उसवून घ्या. नुसती कंबर घेतली आणि बाही घोळदार राहिली की काखेखाली पिशवी लोंबते.

आता मुंढा, म्हणजे शर्टाला बाही जोडतात तो काखेभोवतीचा घेर. खोल, सैल मुंढा आरामदायी असणार असं वाटतं. प्रत्यक्षात मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा फिरतो. मुंढा खाली असला की हात वर करताना अख्खा शर्ट ओढला जातो. बाजूने कितीही आत घेतलं तरी मुंढ्याची खोली तीच राहते, म्हणून दोन मापं मोठा शर्ट आणून लहान केला की दिसतो बरा आणि घालायला नकोसा होतो.

खांद्याच्या बाबतीत मी स्वतः हात दाखवून अवलक्षण केलं आहे. सवलतीत मिळाला म्हणून खांद्याला दीड इंच मोठा शर्ट घेतला आणि आल्टर करायला दिला. बाह्या सोडवून खांदा कापून पुन्हा लावल्या, तर बाहीच्या माथ्यावर उशीच्या अभ्र्यासारख्या चुण्या. मजुरी शर्टाच्या किमतीच्या निम्मी झाली आणि शर्ट फरशी पुसायला गेला. तेव्हापासून खांद्याची शिलाई हाडाच्या टोकावर येत नसेल, तर पुढचं बघतच नाही.

छाती भरलेली आणि कंबर बारीक असलेल्या बायकांना आल्टरेशनचा उपयोग पुरुषांपेक्षा जास्त होतो. कमरेच्या मापाने शर्ट घेतला की छातीवरची बटणं फाकतात. छातीला बसणारा घ्या आणि कंबर आत घ्या. फाकणाऱ्या दोन बटणांच्या मधे आतून एक टिचबटण लावलं तर सेफ्टी पिनेची कटकट संपते.

आणि आधी धुवा, मग आल्टर करा. पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं. अमेरिकन संशोधक सॅनफर्ड क्लूएट यांनी 1930 मध्ये कापड विणून झाल्यावर यंत्रात आधीच आटवून घेण्याची पद्धत पेटंट केली. 'सॅनफोराइज्ड' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. तसं कापड असेल तर आटणं टक्क्याच्या आत राहतं. लेबलवर काही लिहिलेलं नसेल तर दोन धुण्यांपर्यंत थांबा.

शिवून घेणं

अडकणारं माप बाही, खांदा किंवा गळा असेल, तर मला तरी हाच पर्याय स्वस्त पडला. पावतीवरचा आकडा मोठा दिसतो, पण मनगट उघडं टाकणारे जे चार शर्ट कपाटात पडून होते, त्यांचाही हिशोब धरायला हवा.

कापड घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा. 58 इंच पन्ह्याचं साधारण 1.6 मीटर पूर्ण बाहीच्या शर्टाला पुरतं, 36 इंची असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर लागतं. हात लांब असतील तर 10-15 सेंटिमीटर जास्त. मीटरचा भाव कमी म्हणून अरुंद पन्हा घेतला की बचत तिथेच जिरते. शिंप्याकडे देण्याआधी कापड पाण्यातून काढून वाळवा.

शिंप्याला मापाला जुना शर्ट द्या, आणि त्यातलं काय बदलायचं ते तोंडी न सांगता कागदावर लिहून शर्टाला टाचा. "थोडं सैल" म्हणजे तुमच्या लेखी अर्धा इंच आणि त्यांच्या लेखी दोन इंच असू शकतं. पहिला शर्ट शंभर टक्के बसत नाही, माझाही बसला नव्हता. कापड कितीही आवडलं तरी एकदम चार टाकू नका. एक शिवा, दोनदा धुवा, मग बाकीचे.

ज्यांना फक्त पोट आत घ्यायचं आहे, त्यांनी शिवण्याच्या भानगडीत पडू नये. तेवढ्यासाठी आल्टरेशन पुरतं.

ऑनलाइन मापं भरून

जवळ चांगला शिंपी नसेल तर हा मार्ग. यातली एकच चूक नव्वद टक्के घोटाळ्यांच्या मुळाशी असावी, असं मला वाटतं: फॉर्ममध्ये अंगाचं माप मागितलंय की शर्टाचं, हे न वाचणं. 38 इंच छातीच्या माणसाचा शर्ट 42-44 इंचांचा असतो. शर्टाच्या रकान्यात 38 भरलात तर घरी कातडीला चिकटणारी वस्तू येईल. बाहीचंही तसंच; काही ठिकाणी ती मानेच्या मधोमध मागून मोजतात, काही ठिकाणी खांद्यापासून, आणि दोन्हींत आठ-नऊ इंचांचा फरक पडतो. वर मापावर शिवलेला माल बहुधा परत घेत नाहीत. पहिला पांढरा, साधा, एकच मागवा.

वापरलेले शर्ट घेण्यात एक गंमत आहे. ते आटायचे तेवढे आटून झालेले असतात, त्यामुळे टेपवर दिसतं तेच अंगावर बसतं. फक्त कॉलरची घडी आणि काख उजेडात धरून बघा.

माझ्या कपाटात सध्या शिवलेले तीन पूर्ण बाहीचे आहेत, बाकी सगळे अर्ध्या बाहीचे रेडिमेड, एम मापाचे, पाठीत दोन डार्ट टाकलेले. अर्ध्या बाहीत माझे लांब हात कुणाला मोजता येत नाहीत.