रेज (२०११) : दिसायला नाद खुळा, बाकी काय?

आधीच सांगतो, रेज हा भंगार गेम नाहीये. भंगार असता तर एवढं टायपत बसलोच नसतो, अनइन्स्टॉल करून मोकळा झालो असतो. डोकं यानं फिरतं की एवढं सगळं भारी हाताशी असताना गेम असा का झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रेज काढला आयडी सॉफ्टवेअरनं. म्हणजे १९९२ ला वुल्फेन्स्टाइन थ्रीडी, १९९३ ला डूम आणि १९९६ ला क्वेक काढणारी तीच मंडळी. आज आपण जे फर्स्ट पर्सन शूटर, म्हणजे हिरोच्या डोळ्यांनी बघत गोळ्या घालायचे गेम, खेळतो त्याचा पाया यांनीच घातलाय. त्यामुळं २०११ च्या ऑक्टोबरमध्ये रेज आला तेव्हा अपेक्षा पार आभाळाला टेकलेल्या. मी तो आत्ता खेळलो, यंदाच्या पावसात. बाहेर धो धो चालू, ग्रुपवर सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट झालं याचे मेसेज पडतायत, ऑफिसला जायचा प्रश्नच नाही, आणि सेलमध्ये घेऊन ठेवलेले गेम तसेच पडून होते. म्हटलं चला, याला हात घालू.

सुरुवातीचा अर्धा तास तर मी खेळलोच नाही. नुसता बघत उभा होतो. खरंच. आर्क नावाच्या जमिनीखालच्या डब्यातून बाहेर आल्यावर जी पहिली दरी दिसते ना, ते वाळवंट, ते लालसर कडे, वर ते आभाळ, कड्याला चिकटून केलेली पत्र्याची घरं, गंजलेले पाइप... अरे गेम २०११ चा आहे यावर विश्वास बसत नाही. आजचे कितीतरी गेम याच्यापुढं फिके वाटतील. आणि सगळं कसं मस्त स्मूथ, सेकंदाला साठ फ्रेम. त्या काळी कन्सोलवर साठ फ्रेमचं टार्गेट ठेवून असं काही दाखवणं म्हणजे चेष्टा नव्हती.

आता हे जमवलं कसं तेही बघा, कारण गेमचा सगळा लोचा पण तिथंच आहे. जॉन कारमॅक म्हणून आयडीचा तेव्हाचा जो डोकेबाज प्रोग्रॅमर, त्यानं आयडी टेक ५ नावाचं इंजिन (गेम ज्यावर चालतो ते मूळ सॉफ्टवेअर) बनवलं आणि त्यात मेगाटेक्स्चर नावाची भानगड. नेहमीच्या गेममध्ये दगडाचं एक चित्र करतात आणि तेच परत परत शेजारी लावत जातात, म्हणून जरा नीट बघितलं की कळतं की हा डाग तर मगाशी पण बघितला. रेजमध्ये तसं नाही. सगळ्या जमिनीवर, कड्यांवर, भिंतींवर मिळून एकच अवाढव्य चित्र पांघरलंय, एका बाजूला १,२८,००० पिक्सेलपर्यंत जाईल एवढं. म्हणजे आर्टिस्टनं इथं तेलाचा डाग टाकला, तिथं पोस्टर फाडलं, पलीकडच्या भिंतीवर काजळी फासली, सगळं हातानं, कुठंही रिपीट नाही. आणि मग तुम्ही जिकडं बघाल तेवढाच तुकडा डिस्कवरून उचलून स्क्रीनवर आणायचा. आयडिया एक नंबर, काय विषयच नाही.

पण. एवढं मोठं चित्र डिस्कवर बसवायचं तर ते दाबून दाबूनच बसवावं लागतं. तरी एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर गेम तीन डीव्हीडीत आला आणि पीसीवर २५ जीबी जागा मागत होता. २०११ ला सांगलीत २५ जीबी डाउनलोड म्हणजे विसराच, आमच्या घरचं नेट तेव्हा यूट्यूबचा व्हिडिओ सुद्धा आधी पूर्ण लोड करून मग बघायच्या लायकीचं. तर एवढं दाबल्यामुळं झालं काय की लांबून जो कडा बघून तोंडात बोट जातं, त्याच कड्याला नाक लावून उभं राहिलं की सगळं धुरकट, गिचमीड, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं पण वाचता येत नाहीत. आणि गर्रकन मागं वळलं की क्षणभर सगळं मऊ मऊ दिसतं आणि मग हळूच डिटेल येतात. पीसीवर रिलीजच्या वेळी तर हे इतकं वाईट होतं, खास करून एएमडी कंपनीचं ग्राफिक्स कार्ड असणाऱ्यांकडं, की ड्रायव्हर आणि पॅच येईपर्यंत लोकांनी शिव्या घातल्या. आता एसएसडीवर, म्हणजे फास्ट डिस्कवर, टाकला तर त्रास बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही.

ते पण मी सोडून दिलं असतं. खरी गोची पुढं आहे. त्या चित्रात नुसते दगडमातीचे रंग नाहीत, ऊन आणि सावल्या पण आधीच छापून ठेवल्यात. म्हणून तर ते ऊन एवढं खरं वाटतं. पण एकदा ऊन छापलं म्हणजे सूर्य हलवायची सोय गेली. म्हणून गेममध्ये दुपारची संध्याकाळ कधी होत नाही. भिंत फुटली तर मागची सावली बदलावी लागेल, म्हणून भिंत फुटत नाही. रॉकेट लाँचर मारा, थोडा धूर, थोडा डाग, भिंत आपली जशीच्या तशी. टेबलावरच्या बाटल्या, कोपऱ्यातली खुर्ची, भिंतीला टेकवलेलं टायर, बहुतेक सगळं चिकटवलेलं, ढकललं तरी हलत नाही. मिरजेत गणपतीला त्या स्वागत कमानी उभ्या करतात बघा, पार दोन-तीन मजली, समोरनं बघितलं तर मान मोडेपर्यंत बघत राहावं असं पेंटिंग, आणि खालनं पलीकडं गेलं की मागं बांबू, दोऱ्या आणि ताणलेलं कापड. रेजचं सगळं जग असंच आहे. फरक एवढाच की कमानीखालनं निदान पलीकडं तरी जाता येतं.

माझा मावसभाऊ आलेला तेव्हा, तो शेजारी बसून बघत होता. वेलस्प्रिंग नावाचं गाव येतं गेममध्ये, खूप जीव ओतून बनवलंय, प्रत्येक माणसाचा चेहरा वेगळा, बोलायची ढब वेगळी. तो म्हणाला, "दादा, त्या दुकानात शिर की, आत काहीतरी दिसतंय." दार उघडेना. "मग त्या जिन्यानं वर जा." जिन्यावर पत्रा आडवा. "मग त्या माणसाशी बोल." तो माणूस एक वाक्य बोलला, परत बटण दाबलं तर जवळपास तेच. दहा मिनिटांत भाऊ मोबाईल काढून बसला. त्याचं काय चुकलं सांगा.

आता गोष्ट. ॲपोफिस नावाचा लघुग्रह २०२९ ला पृथ्वीवर आदळतो, त्याआधी काही निवडक लोकांना आर्क नावाच्या डब्यात गोठवून जमिनीखाली पुरून ठेवलंय, त्यातला एक तुम्ही. १०६ वर्षांनी, म्हणजे २१३५ ला जाग येते, डब्यातले बाकी सगळे मेलेत, बाहेर आल्या आल्या डाकू अंगावर आणि डॅन हेगर नावाचा एक बाबा तुम्हाला वाचवून बगीत घालून घेऊन जातो. हेगरला आवाज दिलाय जॉन गुडमननं, आवाज ऐकूनच मजा येते. (ॲपोफिस खरा आहे बरं का. १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीच्या साधारण ३२ हजार किमीवरून जाणार आहे, पण आदळणार नाही हे शास्त्रज्ञांनी केव्हाच सांगितलंय. काही देशांतून तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल. तेव्हा घाबरून कर्ज फेडायचं थांबू नका.) तर हेगर तुम्हाला वाचवतो, अन् दोन मिनिटांत हातात पिस्तूल देऊन म्हणतो जा त्या डाकूंचा अड्डा साफ करून ये. अरे बाबा, मी १०६ वर्षं झोपलेला माणूस, जरा पाणी तरी विचार. आणि आपला हिरो पण तसलाच, अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. जो तो याला कामाला लावतो, हा निघाला. अथॉरिटी नावाचं सरकार आर्कमधून आलेल्यांच्या मागं लागलंय, तुमच्या रक्तात नॅनोट्राइट्स नावाची बारीक यंत्रं आहेत म्हणून. हे ऐकायला भारी, पण ते सरकार नक्की करतं काय, लोकांना त्याचा काय ताप, हे दिसतच नाही, नुसतं कानावर पडत राहतं.

बरं, मारामारी? इथं मात्र आयडीला सलाम. बंदुका तब्येतीत वाजतात. शॉटगन जवळनं मारली की समोरचा असा उडतो की आपणच मागं सरकतो. आणि शत्रू नुसते गोळ्या खायला उभे नसतात, घोस्ट टोळीतले पाइपला लोंबकळत, भिंतीवर पाय देऊन येतात, पायाला गोळी लागली तर लंगडतात, खाली पडल्यावर पण सरपटत शेवटची गोळी घालतात. म्युटंट, म्हणजे राक्षसासारखी झालेली माणसं, तर वाकडेतिकडे उड्या मारत असे येतात की नेम धरता धरता घाम फुटतो. विंगस्टिक म्हणून तीन पात्यांचं एक फेकायचं हत्यार आहे, फेकलं की मुंडकं उडवून कधीकधी परत हातात येतं. गेममधली सगळ्यात भारी चीज तीच. शिवाय सामान जमवून आपणच स्पायडर बॉट, बॉम्बवाली रिमोट गाडी, टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) बनवायचे, क्रॉसबोच्या एका बाणानं शत्रूला वश करून त्याच्याच माणसांत पाठवून फोडायचा. असलं सगळं आहे. डेड सिटी म्हणून एक लेव्हल आहे, पडक्या बिल्डिंगींची, तिथं मी अक्षरशः सरसावून बसलेलो.

आणि मग थोड्या वेळानं तुम्हाला परत डेड सिटीत पाठवतात. या वेळी उलट्या दिशेनं. बाकी अड्ड्यांचं पण तेच, एकदा साफ केलेल्या जागी दुसऱ्या कामाला परत जायचं. मिशन काय तर तिथं जा, सगळ्यांना मार, वस्तू आण. मारायला मजा येते म्हणून चाललंय, पण तुमच्या मारण्यानं जगात काही बदललं असं कुठंच वाटत नाही. परत तेच, छापलेलं चित्र आहे, बदलणार काय.

गाडीचं थोडक्यात सांगतो. बगी चालवायला मस्त आहे, रेस पण बऱ्या आहेत, जिंकून गाडीला सामान घेता येतं. पण वाळवंट नावाला मोकळं, खरं तर दोन अड्ड्यांमधला रुंद रस्ताच आहे तो, कडेला कुठं काही शोधावं तर काही नाही. पत्त्यांचा खेळ, चाकूचा खेळ वगैरे टाइमपास आहेत. मल्टिप्लेअरला गाड्यांची मारामारी आणि दोघांनी मिळून खेळायची काही मिशन. बंदूक घेऊन एकमेकांसमोर उभं राहायचा डेथमॅच नाहीच. क्वेक बनवणाऱ्यांनी डेथमॅच दिला नाही! विश्रामबागच्या सायबर कॅफेत लॅनवर, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून, रात्री काढलेल्या माणसाला हे कसं पटायचं.

सेव्हची बोंब वेगळीच. ऑटोसेव्ह इतक्या लांब लांब आहेत की हातानं सेव्ह करत नसाल तर मेल्यावर अर्धी लेव्हल परत. डिफिब्रिलेटर आहे म्हणा, मरताना बटणं जुळवली की छातीला शॉक बसून उठता येतं, पण तो संपला आणि परत मेलात तर गेलं सगळं. आणि आमच्याकडं पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणजे बघा.

आता शेवट, ज्यांना खेळायचाय त्यांनी हा पॅरा सोडा. कॅपिटल प्राइम म्हणजे अथॉरिटीचा मुख्य अड्डा. आत गेलात की हातात पल्स कॅनन नावाची तोफ मिळते, मी म्हटलं आता येणार काहीतरी राक्षस. अथॉरिटीचा जनरल क्रॉस, जनरल क्रॉस म्हणून ज्याचं नाव कानावर आलेलं तो आता समोर येणार. तर नाही. काही कॉरिडॉर, म्युटंटच्या काही लाटा, एक मशीन चालू करायचं, व्हिडिओत जमिनीतून आर्क वर येताना दिसतात आणि संपलं. क्रॉस येतच नाही. बॉस फाइट, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूशी लढाई नाही, हेगरचं पुढं काय झालं ते नाही, ज्या लोकांसाठी एवढी वणवण केली ते नाहीत. मला वाटलं आता गोष्टीचा तिसरा टप्पा सुरू होतोय, तर क्रेडिट्स. चहा ठेवायला उठलेली आई म्हणाली, "संपला का रे? मग असा का बसलायस?"

क्रॉस आणला तो थेट २०१९ च्या रेज २ मध्ये. तो बनवला ॲव्हलांच स्टुडिओनं आयडीसोबत, आणि त्यावर बोलायला वेगळा दिवस लागेल.

घ्यायचा का? पूर्ण किमतीला बिलकुल नाही. सेलमध्ये स्वस्तात मिळाला आणि दहा-पंधरा तास मारामारी करायचा मूड असेल तर घ्या, जुन्या पीसीवर पण छान चालतो, आताचं कुठलंही साधं ग्राफिक्स कार्ड बास आहे. गोष्ट पाहिजे, फिरायला जग पाहिजे, तर हात लावू नका. आणि पैसे एकाच गेमपुरते असतील तर आयडीचाच २०१६ चा डूम घ्या, तिथं बंदुकीची हीच मजा आहे आणि बसायला वेळच मिळत नाही. रेज घेतलाच तर एसएसडीवर टाका, प्रत्येक मोठ्या दारापुढं हातानं सेव्ह मारा आणि विंगस्टिक जपून ठेवत बसू नका, दुकानात मिळतात, बनवता पण येतात, सढळ हातानं फेका.